व्हिसाच्या आधीची दोन वर्षं

शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला अभियंता, खामगावच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला मुलगा आणि बुलढाण्यात जीएनएम करून एखाद्या खासगी दवाखान्यात बारा-बारा तासांची पाळी करणारी परिचारिका, या तिघांच्या वाटा वेगळ्या. पण परदेशात जायचं मनात आलं की तिघंही पहिला प्रश्न एकच विचारतात: कुठल्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो? एजंटला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्याकडे विकायला तेवढंच असतं. व्हिसा माणसाला विमानतळाच्या बाहेर पोचवतो. त्यापुढे त्याने शिकलेलं काम त्याला करायला मिळतं की गोदामात खोकी उचलावी लागतात, हे दोन गोष्टींवर ठरतं. आपल्या शिक्षणाला त्या देशाने मान्यता दिली आहे का, आणि त्या देशाची भाषा आपल्याला कामापुरती येते का. या दोन्ही गोष्टी इथे, घरचं खाऊन, रुपयांत खर्च करून मिळवता येतात. तिथे गेल्यावर त्या मिळवायच्या तर डॉलर किंवा युरोत भाडं भरत, थकलेल्या अंगाने मिळवाव्या लागतात, आणि बहुतेकांच्या त्या मग राहूनच जातात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: परदेशातल्या करिअरची पहिली दोन वर्षं बुलढाणा जिल्ह्यातच काढायची असतात.

याला पुरावा कॅनडाचाच घ्या, कारण आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी तेच नाव सर्वात जास्त असतं. तिथल्या 2021 च्या जनगणनेत असं दिसलं, की परदेशातून पदवी घेऊन आलेल्या स्थलांतरितांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक लोक बारावीएवढं शिक्षणही पुरेल अशी कामं करत होते. कॅनडातच शिकलेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी होतं. म्हणजे दार उघडं होतं, व्हिसा मिळाला होता, कायमचं वास्तव्यही मिळालं होतं; अडलं ते पदवीच्या किमतीवर. दुसरा आकडा रिझर्व्ह बँकेचा आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांच्या 2023-24 च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के निघाला, केरळपेक्षाही किंचित जास्त. हा आकडा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या जोरावर आहे हे उघड आहे. पण त्याच पाहणीत आणखी एक बदल दिसतो. आखाती देशांपेक्षा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा देशांतून येणारा पैसा आता जास्त आहे. एकट्या अमेरिकेचा वाटा 27.7 टक्के, तर संयुक्त अरब अमिरातीचा 19.2 टक्के. पैसा मजुरीकडून कौशल्याकडे सरकला आहे, आणि कौशल्याचा भाव कागदावर सिद्ध करावा लागतो.

विदर्भाला याचं जुनं उदाहरण आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्याच्या ओढीने देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले आणि पुढे बराच काळ मायदेशी परतण्याची वाटच बंद झाली. पण मधल्या काळात त्यांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. 1924 च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले तेव्हा तेच शिक्षण उपयोगी पडलं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. हे सगळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात घडलं, म्हणजे ती भाषा त्यांनी कामाची केली होती. 1967 साली त्यांचं नागपुरात निधन झालं. त्यांच्या धैर्याची नक्कल कोणी करावी असं नाही, पण क्रम ध्यानात घ्यावा: आधी मान्य झालेलं शिक्षण, मग भाषा, मग नोकरी.

आता मान्यतेचं नेमकं काय करायचं ते पाहू. अभियंत्यांसाठी वॉशिंग्टन करार नावाची एक गोष्ट आहे, जी आपल्या महाविद्यालयांत फारशी कोणी सांगत नाही. या करारातले देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या तुल्यबळ मानतात. भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण त्याचा लाभ प्रत्येक पदवीला मिळत नाही. नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन म्हणजे एनबीएने टियर-1 खाली मानांकन दिलेल्या शाखांनाच तो मिळतो, आणि मानांकन महाविद्यालयाला नसून शाखेला असतं, तेही ठरावीक वर्षांपुरतं. तेव्हा शेगाव असो, चिखली असो की मलकापूर, आपण ज्या वर्षी पास झालो त्या वर्षी आपल्या शाखेला कोणतं मानांकन होतं ते एनबीएच्या संकेतस्थळावर बघावं आणि ते पान जपून ठेवावं. सॉफ्टवेअरच्या कामाला बहुतेक देशांत परवाना लागत नाही, म्हणून संगणकवाल्यांचं यावाचून फार अडत नाही. सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकलवाल्याला मात्र कॅनडात स्वतःला व्यावसायिक अभियंता म्हणवून घ्यायलाही प्रांताचा परवाना लागतो.

परिचारिकेचं गणित याहून कडक आहे. जर्मनीत तिच्या जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची तुलना तिथल्या अभ्यासक्रमाशी होते, कमी पडलेला भाग परीक्षेने किंवा रुग्णालयातल्या प्रशिक्षणाने भरून काढावा लागतो, आणि नोंदणीसाठी जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी2 पातळीपर्यंत, म्हणजे सफाईने बोलता येण्याइतकी, यावी लागते. हे पुरं होईपर्यंत ती सहायक म्हणून, सहायकाच्याच पगारावर काम करते. आयटीआयवाल्यांच्या उद्योगातल्या ट्रेडची छाननी तिथे न्यूरेंबर्गचं एक केंद्रीय कार्यालय करतं आणि पूर्ण किंवा अंशतः तुल्यबळ असा निकाल देतं. अंशतः आला म्हणजे दार बंद झालं असं नाही. काय कमी आहे ते लेखी कळतं आणि तेवढंच भरून काढता येतं. ही छाननी भारतात बसून करून घेता येते. एवढं करून मग देश निवडावा, म्हणजे निवड आपली राहते.

छाननीत माणसं कुठे अडकतात, तर कागदात. चिखलीत एखाद्या कंत्राटदाराकडे पाच वर्षं वायरिंग केलेल्या मुलाकडे अनुभवाचा पुरावा काय असतो? बहुधा काहीच नाही. पगार रोखीने, हजेरी मालकाच्या वहीत, आणि मागितलंच तर दुकानाच्या शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र: सदर इसम आमच्याकडे कामास होता. असं पत्र परदेशी कार्यालयात चालत नाही. तिथे हवं असतं ते असं: कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कोणकोणती कामं स्वतः केली त्यांची यादी, मालकाची सही, नाव आणि संपर्क. म्हणून आजपासूनच पगार बँकेत घ्यावा, शक्य असेल तिथे भविष्य निर्वाह निधी कापून घ्यावा, आणि काम सोडण्याच्या दिवशीच पत्र लिहून घ्यावं. पाच वर्षांनी मालक दुकान बंद करून जालन्याला गेलेला असतो.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर महाराष्ट्र बोर्ड आडनाव आधी छापतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टात आडनावाचा रकाना निराळा आणि बाकी नाव निराळं. पदवी प्रमाणपत्रावर तिसराच क्रम, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि इंग्रजी स्पेलिंगची तर प्रत्येक कार्यालयाची आपली मर्जी. इथे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. परदेशातला कारकून मात्र ही तीन वेगळी माणसं समजतो. लग्न झालेल्या मुलीचं आणखी कठीण, कारण आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. तेव्हा पासपोर्ट काढण्याआधी सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडून स्पेलिंग जुळवावं, बदल असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. अमरावती विद्यापीठाकडून विषयवार गुणांचा उतारा आणि अभ्यासक्रमाची प्रत शिक्का मारून घ्यावी, आणि एकाऐवजी चार प्रती घ्याव्यात; परदेशातून त्या मागवायच्या तर घरच्या कोणाला तरी अमरावतीच्या खेपा घालाव्या लागतात. अपोस्टिलवर, म्हणजे कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून केलेल्या साक्षांकनावर, पैसे घालण्याआधी त्या देशाला ते चालतं का हेही विचारावं. जर्मनी भारतीय अपोस्टिल मानत नाही, तिथे पडताळणीची निराळी पद्धत आहे, हे न सांगताच पैसे उकळणारे पुष्कळ आहेत.

भाषेबद्दल बोलायचं तर आपल्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी सध्या सर्वात ठोस संधी जर्मनीची आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पथदर्शी टप्प्यात 10,000 उमेदवार पाठवायचं ठरवलं. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, हॉटेलातले कर्मचारी असे अनेक व्यवसाय आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या 20,000 वरून 90,000 वर नेण्याचं जाहीर केलं. हे ऐकून पुष्कळजण यादीत नाव घालून वाट बघत बसतात. करार सरकारांचा असतो. नोकरी देताना तिथला मालक मुलाखतीत जर्मन ऐकतो. बारावी झालेल्या मुलासाठी तिथलं दुहेरी व्यवसाय-प्रशिक्षण हाही चांगला मार्ग आहे. आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस प्रत्यक्ष काम, दरमहा विद्यावेतन, आणि शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं त्याच्या मान्यतेचा प्रश्नच उरत नाही. त्यालाही जर्मन साधारण बी1 पातळीपर्यंत यावी लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: नांदुऱ्यात, संग्रामपुरात जर्मन शिकवणार कोण? आणि दोन वर्षं भाषा शिकण्यात घालवली तर वय निघून जाईल त्याचं काय? आधी वयाचं बघू. गोएथे संस्थेच्या हिशेबाने शून्यापासून बी2 पर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या 600 ते 800 तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या तर वर्ष-सव्वा वर्षाचं काम आहे, तेही नोकरी सांभाळून. या काळात वय वाया जात नाही, कारण छाननीचे कागदही त्याच महिन्यांत फिरत असतात. शिक्षकाची अडचण खरी आहे, पण ऑनलाइन वर्गांनी ती बरीच सोपी केली आहे. परीक्षेपुरतं पुणे किंवा मुंबईचं मॅक्सम्युलर भवन गाठावं लागतं, आणि शेगाव-मलकापूरहून रात्री मुंबईच्या गाडीत बसलं की सकाळी उतरता येतं. अडतं ते सरावात. आपल्याकडे भाषा पाठ करून परीक्षा पास होण्याची सवय आहे. रुग्णाने अर्धवट झोपेत, बोलीभाषेत काय मागितलं हे पाठांतराने कळत नाही. म्हणून तीन-चारजणांनी मिळून शिकावं आणि रोज अर्धा तास फक्त बोलावं, चुकत का होईना.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो. एवढं काही न करता गेलेले, पेट्रोल पंपावर राबलेले लोकही आज तिकडे घरं बांधून आहेत, असं ते सांगतात. आहेत, नक्की आहेत. पण ते ज्या काळात गेले तेव्हाचे नियम आज नाहीत, आणि जे अर्ध्यातून परतले ते गावच्या सप्ताहात भाषण करायला उभे राहत नाहीत, त्यामुळे आपल्याला फक्त यशाचीच मोजदाद दिसते. पडेल ते काम करण्यात कमीपणा नाही. अडचण अशी, की आजच्या व्हिसात ठरावीक पगाराची आणि ठरावीक दर्जाची नोकरी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर परत यावं लागतं. पोटापुरतं काम करता करता ती मुदत संपते.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे: एवढी तयारी केली आणि नियमच बदलले तर? बदलतातच. कॅनडाने 2024 च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, आणि खात्यात दाखवायची रक्कम 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलरवर नेली. त्याच महिन्यात ब्रिटनने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणणं बंद केलं. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये कामाच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-1बीच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लादलं. पण यातून तयारी करू नये असा निष्कर्ष निघत नाही. नियम बदलला की बुडतं काय ते बघा. चाळीस लाखांचं कर्ज काढून एका देशाच्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतलेला मुलगा पूर्ण अडकतो. बी2 जर्मन आणि छाननी झालेली पदवी हातात असलेल्याचं वर्ष गेलं तरी भाषा ऑस्ट्रियात चालते, आणि काहीच नाही तर पुण्यातल्या जर्मन कंपन्यांतही चालते.

म्हणून कर्जाचा हिशेब परदेशी पगारावर मांडू नये. उद्या परत येऊन पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करावी लागली, तर त्या पगारातून हप्ता निघेल का, एवढंच विचारावं. निघत नसेल तर ते कर्ज जास्त आहे. बहुतेक बँका शिक्षणकर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे लोक वावर विकतात किंवा घर पतसंस्थेकडे ठेवतात. सोयाबीन-कपाशीचे भाव बघता दोन एकर गेल्यावर परत येत नाहीत. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुधा शिक्षणशुल्क नाही, तरी विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या आसपास. गंमत म्हणजे ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी आपला करार आहे, तेच राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला 1,500 युरो घेतं. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे आधी बघावं. जागा 75 आहेत आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, म्हणून प्रवेशाची तयारी वर्षभर आधी हवी.

आखातात मजुरीला किंवा ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे, पण तिथेही कागद आधी. दहावी पास नसलेल्याला 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते, आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावरून मिळते. त्याच ठिकाणी नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. कायद्याने एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जो दीड लाख मागतो आणि पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ असं सांगतो, त्याच्या दारातून मागे फिरावं. थायलंडमधली डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेली भारतीय मुलं म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या तळांवर कोंडली गेली, हे अलीकडचंच आहे. जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, संरक्षण 10 लाखांचं.

लग्न झालेल्यांनी दुसऱ्या माणसाच्या करिअरचा विचार आपल्याआधी करावा, असं मला वाटतं. आपल्याकडे एकाचा व्हिसा झाला की दुसरी, बहुधा बायको, सोबत जाते एवढंच धरलं जातं. अमेरिकेत एच-1बीवाल्याच्या जोडीदाराला एच-4 मिळतो आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढे गेल्याशिवाय कामाची परवानगी मिळत नाही. त्या वर्षांत चांगली शिकलेली बाई घरी बसते आणि पुढे तिच्या कामात पडलेला खंड तिच्याच माथी मारला जातो. जर्मनीत कुशल कामगाराच्या जोडीदाराला लगेच काम करता येतं. देश निवडताना पगाराच्या आकड्याइतकंच वजन या एका नियमाला द्यायला हवं, आणि तिनेही इथेच भाषा आणि छाननी सुरू करावी.

तिथे पोचल्यावरच्या पहिल्या वर्षाबद्दल थोडंच सांगायचं आहे. महाराष्ट्र मंडळात जरूर जावं. लंडनचं मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. सणाला चार माणसं भेटतात, भाड्याची खोली मिळते. नोकरी मात्र सहसा त्या वर्तुळाबाहेरून मिळते, म्हणून आठवड्यातली एक संध्याकाळ तरी स्थानिक लोकांत, त्यांच्या भाषेत घालवावी: फुटबॉलचा संघ असो, वाचनालय असो की अग्निशमन दलातलं स्वयंसेवकाचं काम. पहिल्या मालकाकडून नोकरी सोडताना लेखी शिफारस घेणं विसरू नये.

इकडचं मागे ठेवतानाही कागद नीट लावून जावे. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ करावं लागतं. वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही, आणि पीएम किसानचा हप्ता अनिवासी माणसाला मिळत नाही. वडील हयात असताना सातबाऱ्यावरच्या नोंदी आणि भावांमधली वाटणी उरकून घ्यावी. नंतर परदेशातून मुखत्यारपत्र करायचं तर वकिलातीत साक्षांकन आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा खटाटोप होतो. परिचारिकांसाठी खास: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण तिकडे असतानाही चालू ठेवावं. जर्मनीतली नोंदणी हाती आल्यावर हिची काय गरज असं वाटतं, पण आईवडिलांच्या आजारपणामुळे वर्षभरासाठी परतावं लागलं तर बुलढाण्याच्या दवाखान्यात कामावर रुजू होताना हाच कागद मागतात.